दहापैकी नऊ

टिण्…

एकदाच. मग परत सगळं शांत. दुपारचे तीन वाजायला आलेले, पंखा बंद, आतल्या खोलीतलं सासूबाईंचं, सुंदरम्मांचं घोरणंही नुकतंच थांबलेलं — आणि त्या शांततेत ओट्याखाली पालथ्या पडलेल्या स्टीलच्या झाकणावर ज्वारीचा एक दाणा पडला होता. एकदा उडाला, घरंगळला, फरशीवर उतरला आणि फ्रीजच्या पायाशी जाऊन थांबला. पांढरा, टपोरा, टोकाशी जरासा पिवळट. महेश्वरी त्याच्याकडे बघत उभी राहिली. म्हणजे पिशवीची शिवण उसवली. तेवढंच बाकी राहिलं होतं.

तो दाणा उचलायचा तर वाकायला हवं. आणि वाकायचं म्हणजे… तीन वर्षं झाली, या घरातलं गुडघ्याखालचं सगळं तिच्या हातून गेलं होतं. ओट्याखालचे पिठाचे डबे, कपाटाचा शेवटचा खण, उंबऱ्यापुढची रांगोळी, पलंगाखाली सरकलेली चप्पल. हे सगळं कुणीतरी दुसरंच बघायचं, आणि तिनं वरून सांगायचं — डावीकडं, अजून आत, हां, तेच. लेक शांभवीही तेव्हा त्याच मुलखातली होती, तीन वर्षांची, हात वर करून उभी राहिली तरी बोटं कमरेपर्यंत पोचायची. आता सहाची झाली. आता हात वर करत नाही.

सुरुवात कशानं झाली हे सांगण्यासारखंही काही नव्हतं. कुणी पडलं नाही, झडलं नाही. शाळेत सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा कपाटातून काढताना कमरेत कळ आली, आठ दिवसांत जाईल म्हणाले, ती गेली नाही. एका डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी वजन उचलू नका, तिसऱ्यांनी पट्टा दिला. आणि चौथ्यांनी ती भलीमोठी काळी फिल्म उजेडापुढं धरली, बराच वेळ धरली, आणि म्हणाले, यात तर काहीच नाही हो बाई, तुम्ही मनाला जास्त लावून घेता का? तेव्हापासून कुणी ‘मन’ म्हटलं की तिची कमर जास्त दुखायची. खरंच दुखायची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की लगेच — बघ, म्हणजे मनाचंच की.

पिशवी पाटावर होती. शांभवीची बालवाडीतली जुनी पिशवी, सशाचा एक कान उडालेली, आणि आत मापून सहा किलो ज्वारी. पंधरा दिवस हीच पिशवी स्टुलावरून ओट्यावर आणि ओट्यावरून स्टुलावर गेली, सकाळी दहा वेळा, दुपारी दहा वेळा, दुखो न दुखो. आजपासून स्टूल गेलं आणि पाट आला. स्टूल मांडीएवढं, पाट चार बोटं. मधल्या दीड हातात काय काय होतं ते त्या ज्ञानदा मॅडमला काय माहीत…

नाही, माहीत असेल. तिला सगळं माहीत असतं, तोच तर वैताग होता.

सात रस्त्याजवळच्या एका गल्लीत औषधाच्या दुकानावर तिचं क्लिनिक होतं. मोडनिंबची मुलगी, तिशीचीही नसेल, नाकात चमकी, फिजिओथेरपीवाली, जुन्या दुखण्यांवरच काम करते म्हणून शाळेतल्या सहकारी बाईंनी नंबर दिलेला. महेश्वरी पहिल्या दिवशी फाईल छातीशी धरून गेली होती. फाईल तिनं बघितली, नीट बघितली, आणि मिटून बाजूला ठेवली. मग पहिलाच प्रश्न — काय दुखतंय हा नव्हताच. म्हणाली, “तुम्हाला करायचंय काय?” महेश्वरीला आधी कळेचना. करायचंय म्हणजे? बरं व्हायचंय. “ते हाय की. पण बरं होऊन काय करायचंय?” आणि मग, कसं कोण जाणे, खरं तर चिडूनच, तिच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या मुलीला उचलून घ्यायचंय.” म्हटल्यावर तिला स्वतःचाच राग आला. सहा वर्षांच्या घोडीला कोण उचलतं? पण मॅडम हसली नाही. वजन विचारलं. अठरा, महेश्वरी म्हणाली. मॅडमनं कागदावर वर लिहिलं १८ आणि खाली लिहिलं २, आणि विचारलं, घरात ज्वारी असेलच की?

घरी आल्यावर सुंदरम्मांनी विचारलं होतं, मशिन लावली काय. नाही. गरम पाण्याची पिशवी? नाही. तेल तरी? नाही. मग केली काय तिनं एवढा वेळ? बोलली, महेश्वरी म्हणाली. सुंदरम्मांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, सुनेची दया आल्यासारखं. “बोलायला डॉक्टर कशाला पाहिजे? मी बोलते की दिवसभर.” आणि ते खरंच होतं.

नवऱ्याचं, बसूचं, त्याहून वेगळं. त्याचं अक्कलकोट रोडला मोटर-पंपाचं दुकान, दुरुस्तीही करतो. जेवताना तिनं त्याला सांगायचा प्रयत्न केला होता — मॅडम म्हणते, इजा कधीच भरून आली, पण शरीर अजून घाबरलेलं आहे, जरा हललं की ओरडतं. दुखणं खरंच आहे, पण दर वेळी ते काही मोडल्याचं लक्षण नाही… आणि बसूनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून डोळे मोठे केले. “म्हणजे रिले लई खाली सेट झालाय. मोटर चांगली हाय. लोड जरा आला की ट्रिप मारतंय, मोटर बंद. थोडं थोडं वर घ्यायचं सेटिंग, एकदम न्हाय.” तीन वर्षं ती रडून सांगत होती ते त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि हे एका घासात शिरलं. वर इतका खूश, जसं काही त्यानंच शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या गिऱ्हाइकालाही त्यानं बायकोच्या कमरेचा रिले समजावून सांगितला म्हणे.

चला. सव्वातीन. पाय पिशवीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे मोकळे, श्वास धरायचा नाही — ती नेमकी श्वासच धरते. “श्वास सोडा की, पिशवीला काय ऐकू जातंय?” असं मॅडम एकदा म्हणाली होती. आज चारच वेळा. बऱ्या दिवशीही चारच, वाईट दिवशीही चारच. “वाढवायचं ते मापानं, दुखण्याला विचारून न्हाय.” आधी ती उलटं करायची. जरा बरं वाटलं की एका दिवसात धुणं, पडदे, माळा, सगळं उरकून घ्यायची — न जाणो उद्या असेल नसेल — आणि मग तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. हे तिनं सांगितलं नव्हतं, मॅडमनंच तिला सांगितलं, आणि तेही तारखांसकट, वहीतून.

वही… ती आठवण नकोच. पण आलीच.

वहीचं असं होतं की रोज संध्याकाळी दिवसातलं काम लिहायचं आणि पुढं दुखण्याला शून्य ते दहात एक आकडा द्यायचा. तीन आठवडे, फक्त अंदाज यावा म्हणून. पहिले आठ दिवस महेश्वरीनं नेमानं दिला. पाच. सहा. साडेचार. पुन्हा सहा. नववीला मराठी शिकवणारी बाई ती, निबंधाला दहापैकी सात दिले तर वर्गात कुजबूज होते, आणि नऊ तर सोळा वर्षांत कुणालाच दिलेले नाहीत. नऊ द्यायला समोर काहीतरी तसं असावं लागतं. नवव्या दिवशी तिला कंटाळा आला. रोज संध्याकाळी आपल्याच कमरेचा पेपर तपासायचा! शांभवी पेन्सिल घेऊन मागं लागलीच होती, शाळा-शाळा खेळायला, तर तिनं वही तिच्याकडेच दिली. काम मी लिहीन, आकडा तू विचारत जा आणि तूच लिहीत जा. शांभवीनं दोन-तीन दिवस विचारलंही. मग विचारायची बंद झाली. खेळ विटला असेल, महेश्वरीला वाटलं. कामाचं ती लिहीत राहिली, रोज सकाळी घाईघाईनं, कालचं. आकड्यांच्या बाजूला बघायचा तिला तसाही तिटकारा होता.

आणि आज, सकाळची शाळा सुटल्यावर, ज्ञानदा मॅडम पानं उलटत होती. उलटता उलटता थांबली.

“गड्ड्याच्या दिवशी पण नऊ?”

महेश्वरीनं वहीत बघितलं. डाव्या बाजूला तिच्याच अक्षरात — संध्याकाळी गड्ड्याच्या जत्रेत, तीन तास चालणं, एकदा आकाशपाळणा. उजव्या बाजूला ९. त्याच्या वर ९. खाली ९, ९, ९, सगळी ओळच्या ओळ, शेपट्या बाहेर फाकलेल्या, पेन्सिल दाबून काढलेल्या. ते तिचे आकडे नव्हते. एका नजरेत कळलं तिला. सोळा वर्षं अक्षरं ओळखण्यात गेलेली. तिनं फक्त म्हणायचं होतं, अहो, हे पोरीनं लिहिलंय काहीतरी. एवढंच…

आणि ती म्हणाली, “होतं नऊ.”

का? का म्हणाले मी तसं?

गड्ड्याच्या दिवशी तर… त्या दिवशी बसूच्या खांद्यावर शांभवी होती, यात्रेच्या गर्दीवरून तिला सगळं दिसत होतं, आणि खाली महेश्वरी हातात भाजक्या शेंगांचा पुडा घेऊन चालत होती, आणि एका दुकानापुढं दोघी एकदमच हसल्या, कशाला ते आता आठवतही नाही. दुखलं असेल. दुखलंच, रात्री अंथरुणावर पडताना दुखलं. पण नऊ? तीन. फार तर साडेतीन. मग नऊ का? कारण त्या खुर्चीत बसल्याबरोबर तिला उजेडापुढं धरलेली ती काळी फिल्म दिसली. यात तर काहीच नाही हो बाई. आज एक नऊ सोडला असता तर उद्या पाचही गेला असता, आणि मग तिच्याकडे दाखवायला उरलं काय असतं? तिच्या दुखण्याला रक्त नव्हतं, सूज नव्हती, प्लास्टर नव्हतं. एक आकडा होता, आणि तोही पोरीच्या हातचा. तोच तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मॅडमनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. वाद ऐकायला, घालायला ती तयार होती. तीन वर्षांत तिनं तेवढंच तर शिकून घेतलं होतं. पण ती बया म्हणाली, “बरं. नऊ तर नऊ. तुमचं दुखणं, तुम्हीच सांगणार. पण नऊ असताना तुमी तीन तास गड्ड्यावर फिरला, पाळण्यात बसला. मला ते लई आवडलं.” आणि तिनं खरोखरच आनंदानं कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मान वर करून म्हणाली, आता स्टूल बास झालं, पाटावरून घेऊ, आणि आकडे बंद, पुढं फक्त काय केलं तेवढंच लिहायचं. म्हणजे हा पाट, हा चार बोटांचा पाट, तिला खोट्या नऊवर मिळाला होता. कॉपी करून वरच्या वर्गात गेलेल्या पोरासारखा.

वाकली. हात पिशवीच्या पट्ट्याखाली गेले. कमरेच्या डाव्या अंगाला, तिथंच, त्याच जागी काहीतरी आधीच आवळून बसलं — अजून पिशवी हललीही नाही तर. श्वास. पिशवी उठली. ओट्यावर. एक. ज्वारी आतल्या आत सरकली, वाळू सरकल्यासारखा तो आवाज, आणि आणखी दोन दाणे फरशीवर. खाली. परत. दोन. कळ आली. आलीच, पुरी आली, पोटरीपर्यंत उतरली. मी काही सोंग करत नाही, बघा, कुणीतरी बघा… पण बघायला कुणी नव्हतं, आणि कळही, तिच्या लक्षात आलं, बघणाऱ्याची वाट बघत थांबली नाही. आली तशी विरत गेली. सगळी नाही. पण विरत गेली. मोजायचं म्हटलं तर… मोजायचं नाही. आकडे बंद.

तिसऱ्यांदा ती वाकलेली असतानाच दारातून आवाज आला, दबका, घाबरलेला.

“आई, वाकू नको.”

शांभवी. फ्रॉकला खडूचे डाग, एका पायात मोजा. महेश्वरी तशीच वाकलेली राहिली क्षणभर. हे या घरात सगळेच म्हणायचे. सुंदरम्मा म्हणायच्या, बसू म्हणायचा, दूधवालासुद्धा किटली खाली ठेवताना म्हणायचा, राहू द्या बाई, वाकू नका. पण या तोंडून… हे तोंड हे कधी शिकलं?

“काही होत नाही,” ती म्हणाली, आणि पिशवी ओट्यावर ठेवली. तीन. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढा निघाला. “इकडं ये. वहीत नऊ कुणी लिहिले?”

“मी.”

“कुणाला विचारून? मला विचारलंस?”

“तू झोपली होतीस.” पोरगी मोजा नसलेल्या पायाची बोटं दुमडत उभी. “तू रोज दिवेलागणीला डोळे मिटून पडतीस. मग मी अज्जीला विचारायची. आईला किती? अज्जी सांगायची.”

“काय सांगायची अज्जी?”

“नऊ.”

सुंदरम्मा? सुंदरम्मांना आकड्यांचं काय ठाऊक! वही म्हणजे भिशीची की दुधाची एवढंच त्या विचारायच्या. आत पलंग करकरला. त्या उठल्या होत्या, पदर सावरत दारात आल्या, काय झालं म्हणून. आणि शांभवीनं, स्वतःवरचा आळ झाडून टाकायला, तिथल्या तिथं साक्ष काढली. “अज्जी, सांग की. आईला किती?”

सुंदरम्मांचे डोळे अजून झोपेतले. त्यांनी सुनेकडे बघितलं, पाटाकडे, पिशवीकडे, आणि त्यांचा चेहरा कळवळला, खोटा नाही, मनापासून. नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “नोवु, पुट्टी. नोवु.”

महेश्वरीला हसू यायला हवं होतं.

नोवु. त्यांच्या कानडीत दुखणं. महेश्वरी जेऊरची, माहेरी घरात कानडीचा शब्द नाही. लग्न होऊन आली तेव्हा जे चार-सहा शब्द आधी शिकली त्यात हा नव्हता, पण गेल्या तीन वर्षांत हाच सगळ्यात जास्त ऐकला होता. सुंदरम्मांना कुणी किती म्हणून विचारत असेल हे त्यांच्या गावीही नसणार. सून संध्याकाळी डोळे मिटून पडली आहे, पोर विचारते आहे, आईला काय… त्या सांगायच्या, दुखतंय बाळ, दुखतंय. आणि पोरीला अज्जीबरोबर बोलायला कानडी येत असे, पण आकडे शाळेतले, आकडे मराठी, आणि हातात पेन्सिल. तिनं ऐकलं ते लिहिलं. दहा दिवस रोज, नीट, दाबून, दुखतंय दुखतंय दुखतंय.

आणि आई त्याच्या मागं उभी राहून म्हणाली, होतं.

कुणावर चिडायचं? सुंदरम्मांवर? त्या तर… तिला एकदम ती संध्याकाळ आठवली, तीन वर्षांपूर्वीची, पहिल्या महिन्यातली. शांभवी झोपेतून उठून रडत आलेली, दोन्ही हात वर, उचल, उचल, आणि सुंदरम्मा आतून धावत आल्या, स्वतःचे गुडघे धरत, आणि दोघींच्या मधे उभ्या राहिल्या. नोवु पुट्टी, अव्वाला नोवु — आईला दुखतंय. आणि त्यांनीच तिला उचललं, सत्तराव्या वर्षी. त्यांच्या खांद्यावरून शांभवी मागं आईकडे बघत गेली, हात अजून पसरलेलेच. पोरीला तो शब्द तेव्हाच मिळाला असणार. तिच्या आणि आईच्या मधे जे उभं राहतं त्याचं नाव. मग शाळेत गेल्यावर तिला कळलं की त्याचा आकडाही असतो.

सुंदरम्मा चहा ठेवायला वळल्या. ओट्यावर पिशवी होती. त्यांनी ती सवयीनं उचलायला हात घातला आणि महेश्वरी म्हणाली, असू द्या, मी घेते. त्यांनी हात मागं घेतला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. चौथी वेळ राहिली होती. महेश्वरीनं पिशवी ओट्यावरून खाली घेतली, सावकाश, श्वास सोडत, आणि पाटावर टेकवताना तिचे गुडघे आणखी थोडे वाकले, आणि आणखी थोडे, आणि ती बसलीच. उकिडवी. मग फरशीवर टेकूनच. असं ठरलेलं नव्हतं. मॅडमनं सांगितलेलं नव्हतं. दुखत होतं, डावीकडे तेच, ओळखीचं, हट्टी. पण फरशी गार होती, आणि इथून ओट्याखालचे पिठाचे डबे दिसत होते, त्यातल्या एकाचं झाकण बदललेलं, कधी बदललं कोण जाणे. फ्रीजच्या पायाशी तो पहिला दाणा. तिनं हात लांब करून तो चिमटीत घेतला. इतका हलका की घेतल्याचं कळलंही नाही.

ही वीतभर गोष्ट. यासाठी तीन वर्षं. तिला हसू आलं की रडू ते कळेना, आणि वैताग तर होताच, तो कुठं जाणार — उद्या कमर धरली तर पुन्हा सगळे म्हणणार, सांगितलं होतं ना. पुढच्या वेळी मॅडमला खरं सांगावं लागेल. नऊ नव्हतं म्हणून. तीन होतं. तीन असताना मी फिरले आणि हसले, आणि तीनही खरंच होतं. हे सांगताना आपला आवाज कसा निघेल, ते ती मनात म्हणून बघत होती, आणि तेवढ्यात समोर काहीतरी हललं.

शांभवी होती. बऱ्याच दिवसांनी ती आईपेक्षा उंच दिसत होती. ती आत जाऊन वही घेऊन आली होती, नऊची ती ओळ उघडून. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात खोडरबर. हात वर केले नव्हते. पण जवळ आली, इतकी जवळ की तिच्या डोक्याचा खोबरेलाचा वास आला, आणि तिनं खोडरबर पहिल्या नऊवर टेकवलं, थांबली, आणि अगदी हळू, अज्जीला ऐकू जाऊ नये इतकं हळू, विचारलं,

“आई, किती लिहिलं म्हणजे तू मला उचलशील?”